दोन हॉर्नमधलं कपलिंग: आधी छत शोधा

प्रश्न गोव्यात फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती लिहिते: "सर, बाणस्तारीच्या पुलाखाली बसवता येईल असं, भरती-ओहोटीची पातळी मोजणारं १० गिगाहर्ट्झचं एफएमसीडब्ल्यू (फ्रिक्वेन्सी सरकवत अखंड लहर पाठवणारं) रडार आम्ही करतोय. पाठवायला एक हॉर्न (कर्ण्याच्या आकाराची अँटेना), घ्यायला दुसरा. दोन्हींची तोंडं १०० बाय ७५ मिलिमीटर, एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बसवलेली, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर २०० मिलिमीटर. सिम्युलेशनमध्ये एस-२१ (एका हॉर्नमध्ये घातलेल्या लहरीचा दुसऱ्यातून बाहेर येणारा भाग) उणे ६२ डेसिबल येतो. लॅबमध्ये टेबलावर तोंडं वर करून मोजला तर उणे ४३. समोर ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट लावून पाणी शिंपडलं तर उणे २९. छत तोंडांपासून अडीच मीटरवर आहे. सिम्युलेशन कुठे चुकलं?"

सिम्युलेशन चुकलं की नाही, हे या तीन आकड्यांवरून ठरवता येत नाही. तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिल्यात तुझा सॉल्व्हर, म्हणजे सिम्युलेशनचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, मिसळलेला आहे, दुसऱ्यात लॅबची खोली आणि तिसऱ्यात पाणी. तुला हवं ते कपलिंग, म्हणजे एका तोंडातून निघून थेट दुसऱ्या तोंडात शिरणारी शक्ती, तिन्हींत कुठेतरी दडलेलं आहे. मी मोजमापापासून सुरुवात करतो, कारण तिथला घोळ कागदावरच सुटतो.

१० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मिलिमीटर. तुझ्या तोंडाच्या आकाराच्या हॉर्नचा गेन, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटण्याची क्षमता, साधारण १७ डीबीआय धर (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या अँटेनापेक्षा १७ डेसिबल जास्त). दोन्ही हॉर्न छताकडे बघताहेत. छत हा आरसा समजलीस, तर लहर अडीच मीटर वर जाते आणि अडीच मीटर खाली येते, एकूण ५ मीटर. तुझ्या हॉर्नचं दूरक्षेत्र, म्हणजे जिथून पुढे लहर साध्या नियमाने पसरते ती जागा, एक मीटरच्या जरा पुढे सुरू होतं, त्यामुळे दोन अँटेनांमध्ये किती शक्ती पोचते ते सांगणारं फ्रिस यांचं १९४६ सालचं सूत्र इथे बिनदिक्कत वापरता येतं. ५ मीटरचा मार्गक्षय ६६ डेसिबल, दोन हॉर्नचा गेन मिळून साडेचौतीस. उरले उणे ३२. काँक्रीटचा स्लॅब काही आरसा नव्हे. सरळ पडणाऱ्या लहरीतला त्याचा परतावा उणे ८ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे उणे ४०. मध्ये ट्यूबलाइट, पंखा, स्लॅबचा खडबडीतपणा आहेच. तू मोजलेले उणे ४३ हे बहुतेक तुझ्या लॅबच्या छताचे आहेत.

हे मी ठासून सांगतो, कारण याच जागी मी स्वतः तीन दिवस घालवले आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी वास्कोला एका शेडमध्ये होडीवरच्या दोन अँटेनांचं कपलिंग मोजत होतो. आकडा गणितापेक्षा वीस डेसिबलने वाईट. मी फ्लँज उघडले, साफ केले, परत आवळले, केबल बदलल्या, ॲडाप्टर बदलले. तिसऱ्या दिवशी कोणालातरी वाट हवी होती म्हणून ट्रॉली वीतभर सरकवली आणि आकडा सहा डेसिबलने बदलला. दोन अँटेनांमधलं अंतर तसूभरही हललं नव्हतं. हललं होतं ते त्यांचं आणि वरच्या पत्र्याच्या छपराचं नातं. तेव्हापासून कपलिंगचा कुठलाही आकडा पाहिला की मी आधी त्याचं छत शोधतो.

शोधायची सोपी रीत अशी. पूर्ण जोडणी, पत्र्यासकट, साडेसात मिलिमीटर वर उचल. साडेसात म्हणजे पाव तरंगलांबी. जाऊन-येऊन मार्ग अर्धी तरंगलांबी कमी होतो, म्हणजे छतावरून येणाऱ्या भागाचं चिन्ह उलटतं. थेट कपलिंग मात्र जसंच्या तसं राहतं. दोन्ही वेळचे एस-२१ कॉम्प्लेक्स आकडे (मोठेपणा आणि फेज दोन्ही) म्हणून साठव, नुसते डेसिबल नकोत. त्यांची सरासरी काढलीस की मधल्या फ्रिक्वेन्सीवर छत जवळजवळ पुसलं जातं, आणि वजाबाकीच्या निम्म्यात नुसतं छत उरतं. टेबलाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून हे करता येतं.

व्हीएनए-मध्ये, म्हणजे एस-२१ मोजणाऱ्या यंत्रात, टाइम डोमेन (लहर किती वेळाने पोचली ते दाखवायची सोय) असेल तर तोही वापर. ८ ते १२ गिगाहर्ट्झ स्वीप घेतलास की वेळेतला बारकावा पाव नॅनोसेकंदाचा मिळतो. ५ मीटरला १६.७ नॅनोसेकंद लागतात, थेट कपलिंगला हवेत एक नॅनोसेकंदही लागत नाही. दोन शिखरं इतकी लांब असतात की गेट, म्हणजे हवा तेवढाच वेळ ठेवणारी खिडकी, कुठे लावायचा हा प्रश्नच येत नाही. आयएफ बँडविड्थ (मोजणीच्या फिल्टरची रुंदी) १ किलोहर्ट्झवर असेल तर १० हर्ट्झवर आण, गोंगाटाची पातळी २० डेसिबल खाली जाईल. वेळ लागेल, लागू दे.

आणखी एक तपासणी राहते, ती गळतीची. हॉर्न काढ, दोन्ही वेव्हगाइड ॲडाप्टरवर (केबल आणि हॉर्नमधल्या जोडावर) तोंड बंद करणारी शॉर्टिंग प्लेट आवळ, आणि एस-२१ बघ. जे उरेल ते केबल, कनेक्टर आणि फ्लँजच्या फटींतलं. ते उणे ८०-च्या खाली नसेल तर उणे ६२ मोजायचा विचार तूर्त सोडून दे.

आता सिम्युलेशन. तुझा सॉल्व्हर फायनाइट एलिमेंटचा आहे असं मी धरतो. तो मेश, म्हणजे जागेचे तुकडे करणारी जाळी, बारीक करत जातो आणि दोन फेऱ्यांमध्ये एस-पॅरामीटर किती बदलले ते पाहतो. थांबायची नेहमीची मर्यादा असते ०.०२. आता उणे ६२ डेसिबल म्हणजे साध्या आकड्यात किती? ०.०००८. तू ज्या फूटपट्टीने 'झालं' म्हणालीस तिची सर्वांत लहान खूण तुझ्या उत्तराच्या पंचवीसपट मोठी आहे. एस-११ (त्याच हॉर्नमध्ये परतणारी लहर) स्थिर झाला म्हणून सॉल्व्हर थांबला. एस-२१ कुठे होता याची त्याने फिकीर केली नाही. बारीक राशींमधली चूक बहुतेक वेळा या मर्यादेपेक्षा बरीच कमी असते हे खरं, पण 'बहुतेक वेळा' हे उत्तर नव्हे. थांबायची अट थेट एस-२१-वर लाव. सलग तीन फेऱ्यांत तो अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी हलला पाहिजे. मेश हॉर्नच्या पोटात नको तितका बारीक होत असेल तर दोन तोंडांमधल्या पट्टीवर आणि तोंडांच्या कडांवर हाताने बारीक कर. कपलिंग कडांवरून होतं, आणि कडांपाशी क्षेत्र झपाट्याने बदलतं.

दुसरी गोष्ट, सिम्युलेशनलाही छत असतं. हवेच्या डब्याच्या भिंती लहर शोषून घेतात असं आपण मानतो. बेरेंजे यांनी १९९४ साली मांडलेला पीएमएल, म्हणजे लहर शोषणारा कृत्रिम थर, हे काम फारच चांगलं करतो, पण पूर्ण कोणीच करत नाही, आणि साधी रेडिएशन बाउंड्री तिरक्या कोनात बरीच लहर परत फेकते. तुझा हॉर्न आपली सगळी शक्ती समोरच्या भिंतीवर ओततो. भिंतीने त्यातला लाखावा हिस्सा परत दिला, म्हणजे उणे ५० डेसिबल, आणि त्यातला थोडासा शेजारच्या हॉर्नमध्ये शिरला, तरी तो तुझ्या उणे ६२-च्या बरोबरीला येऊन बसतो. तुझ्या लॅबमध्ये जे घडलं तेच डब्यात घडतं, फक्त तिथे पंखा नसतो. तपासायची रीतही तीच: समोरची भिंत पाव तरंगलांबी मागे सरकव, परत सोडव. एस-२१ एक डेसिबलहून जास्त हलला तर तो तुझा नाही, भिंतीचा आहे. मी समोरच्या बाजूला किमान एक पूर्ण तरंगलांबी मोकळी सोडतो.

सॉल्व्हर टाइम डोमेनचा असेल, म्हणजे यी यांनी १९६६ साली दाखवलेल्या जाळीवर चालणारा (ओपनईएमएस-सारखा फुकट मिळणाराही त्यातलाच), तर कन्व्हर्जन्सची, म्हणजे उत्तर स्थिरावण्याची, जागा वेळ घेतो. डब्यातली ऊर्जा उणे ३०, ४० किंवा ५० डेसिबलला आली की तो थांबतो. शिल्लक ऊर्जा कापली गेली की एस-२१-वर लाटा दिसायला लागतात आणि माणूस त्यांना हॉर्नचा गुणधर्म समजतो. कपलिंगसाठी उणे ७०-८० पर्यंत चालू दे. इथे एक फायदा आहे: दोन्ही पोर्ट वेगवेगळे चालवून एस-१२ आणि एस-२१ ताडून पाहता येतात. धातू आणि प्लास्टिकच्या जगात ते समान असलेच पाहिजेत. फायनाइट एलिमेंटमध्ये ही समानता मॅट्रिक्समधूनच आपोआप येते, म्हणून तिथे ती कशाचा पुरावा होत नाही.

हे सगळं करण्याआधी, खरं तर सिम्युलेशन उघडण्याआधी, कागदावर एक अंदाज हवा. पत्र्याला समांतर दिशेत हॉर्नचा गेन ई-प्लेनमध्ये (विद्युत क्षेत्र ज्या प्रतलात आहे त्यात) उणे १० डीबीआय धर. २०० मिलिमीटरचा मार्गक्षय साडेअडतीस डेसिबल, त्यात दोन वेळा १०. उणे ५८. इतक्या जवळ फ्रिसचं सूत्र काटेकोर नाही, पाच-सात डेसिबल इकडेतिकडे होतील. पण तुझे उणे ६२ त्या मोहल्ल्यातले आहेत आणि उणे ४३ नाहीत. म्हणून मला तुझं सिम्युलेशन साफ चुकलेलं वाटत नाही. ते अजून सिद्ध झालेलं नाही, इतकंच.

आता तू न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तू हॉर्न कोणत्या दिशेने शेजारी ठेवलेस? तू पाठवलेल्या चित्रावरून ते ई-प्लेनमध्ये शेजारी दिसतात, म्हणजे दोन तोंडांना जोडणारी रेषा विद्युत क्षेत्राच्या दिशेतच आहे. धातूच्या पत्र्यावरून सरकणाऱ्या लहरीला विद्युत क्षेत्र पत्र्याला लंब लागतं. ई-प्लेनमध्ये तोंडाच्या कडेवरून क्षेत्र वाकून नेमकं तसंच उभं राहतं आणि पत्र्यावरून सुखाने शेजाऱ्याकडे जातं. अंतर दुप्पट केलंस तर कपलिंग फक्त ६ डेसिबलने उतरतं. एच-प्लेनमध्ये, म्हणजे त्याच्या काटकोनातल्या प्रतलात, क्षेत्र पत्र्याला समांतर असतं, धातू त्याला तिथे टिकूच देत नाही, आणि अंतर दुप्पट झालं की उतार १२ डेसिबलचा. शिवाय हॉर्नच्या तोंडात एच-प्लेनच्या दिशेने क्षेत्र कडेला शून्यावर येतं, त्यामुळे कडाच कमी पेटतात. दोन्ही हॉर्न ९० अंशात फिरव. रडार सरळ खाली पाण्याकडे बघणार आहे, ध्रुवीकरण (विद्युत क्षेत्राची दिशा) कुठलंही चालेल. दोन तोंडांमध्ये साडेसात मिलिमीटर खोल चोक-खाचा (पत्र्यावरची लहर अडवणाऱ्या) कोरण्याची रीतही आहे आणि ती ई-प्लेनमध्ये चांगलं काम करते. पण पुलाखाली खाऱ्या वाऱ्यात त्या खाचा वर्षभरात मीठ, कोळिष्टकं आणि कुंभारमाशीच्या घरट्यांनी भरतील. फिरवायला पैसे पडत नाहीत.

पत्रा मॉडेलमध्ये खऱ्या मापाचा घे, अनंत नको. लहर पत्र्याच्या कडेवर आपटून परत येते आणि तीही मोजणीत उतरते. हॉर्न पत्र्याच्या भोकात बसवताना सभोवती जी केसभर फट राहते, तिचाही विचार कर. दोन स्क्रूंमध्ये १५ मिलिमीटर अंतर असेल तर ती फट अर्ध्या तरंगलांबीची होते, म्हणजे तू नकळत एक स्लॉट अँटेना बनवलीस. स्क्रू सात-आठ मिलिमीटरवर घे किंवा फट वाहक गॅस्केटने बंद कर. आणि ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू घालणार असशील तर खाडीवरच्या हवेत ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जाईल आणि आज बंद असलेली फट पुढच्या वर्षी उघडेल. जोडावर ग्रीस भरून वरून सील कर.

मोठ्या प्रश्नाबद्दल दोन शब्द, कारण कधीतरी तो तुझ्यासमोर येईलच. मालिमच्या धक्क्यावर उभ्या ट्रॉलरच्या डोलकाठीकडे बघ: १५६ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ रेडिओ, होडीची ओळख आणि जागा कळवणारा १६२-चा एआयएस, जीपीएस, वर रडार. व्हीएचएफचे २५ वॅट, आणि तीन मीटरवर त्याच उंचीला एआयएसची काठी असेल तर कपलिंग उणे २२ डेसिबलच्या आसपास. म्हणजे एआयएसच्या रिसीव्हरच्या दारात दीडशे मिलिवॅटहून जास्त. तीच काठी व्हीएचएफच्या बरोबर वर तीन मीटरवर उभी केली तर कपलिंग आणखी चौदा-पंधरा डेसिबलने उतरतं, कारण दोघी एकमेकींच्या शून्य दिशेत, म्हणजे जिकडे काठी काहीच पाठवत नाही तिथे, येतात. अशा ठिकाणी सबंध होडी बारीक मेशमध्ये घालत बसू नये. तारा आणि डोलकाठी मोमेंट मेथडमध्ये (फक्त धातूवरचे प्रवाह सोडवणाऱ्या पद्धतीत) सुटतात. मोठ्या तोंडाच्या अँटेना असतील तर दोन्ही वेगळ्या सोडवून, मधल्या एका पृष्ठभागावर दोन्हींची क्षेत्रं घेऊन कपलिंग काढता येतं. रम्सी यांनी १९५४ साली मांडलेली रिॲक्शनची (एका अँटेनाच्या क्षेत्राचा दुसरीच्या स्रोतावर होणारा परिणाम मोजण्याची) कल्पना त्यासाठीच कामाला येते. अट एवढीच की दोघींमध्ये लहर वारंवार येरझारा घालत नसावी.

आता पाणी. तुझा तिसरा आकडा, उणे २९, हाच तुझ्या प्रकल्पाचा खरा प्रश्न आहे, आणि तू त्याला शेवटचं वाक्य दिलंस.

कोरडी शीट आधी घे. ३ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट १० गिगाहर्ट्झला जवळपास सतरा-अठरा टक्के शक्ती परत फेकतं, कारण त्याच्या आत ती जाडी पाव तरंगलांबीच्या बरीच जवळ जाते. ९ मिलिमीटर घेतलंस तर अर्धी तरंगलांबी होते आणि शीट जवळजवळ अदृश्य होते. किंवा अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पडदा घे. ३ मिलिमीटर हे दुकानात मिळतं म्हणून निवडलं गेलेलं माप आहे आणि ते नेमकं वाईट जागी पडतं.

त्यावर पाणी. या फ्रिक्वेन्सीला पाण्यात तरंगलांबी पावणेचार मिलिमीटरच्या आसपास उरते. ०.२ मिलिमीटरचा सलग पापुद्रा, हाताला फक्त ओलसर लागेल इतका, पडणाऱ्या शक्तीच्या चाळीस ते पन्नास टक्के परत फेकतो. आणि तुझी शीट दोन्ही हॉर्नसमोर एकच सलग आहे. म्हणजे पाठवणाऱ्या हॉर्नसमोर तू आरसा धरलास आणि तो आरसा घेणाऱ्या हॉर्नलाही दिसतो. पुलाखाली पाऊस थेट लागणार नाही हे खरं, पण आषाढातली हवा तुला माहीत आहे: पहाटे काचेवर, लोखंडावर, सगळीकडे घाम धरलेला असतो. खाली तोंड केलेल्या शीटवर थेंब लोंबकळत राहतात, घरंगळून जात नाहीत. वर खारं, म्हणजे ते लवकर सुकतही नाहीत.

याचं सिम्युलेशन कसं करायचं? ०.२ मिलिमीटरच्या थरात मेशचे दोन-तीन पदर घालायला गेलीस तर संगणक दमेल. त्याऐवजी पापुद्र्याला जाडी नसलेली इम्पीडन्स शीट म्हणून दे. इतक्या पातळ थराला ते पुरतं. पाण्याची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला ते किती प्रतिसाद देतं तो आकडा) कॉम्प्लेक्स घाल, नुसते ८० लिहू नकोस. ८० हा आकडा फार खालच्या फ्रिक्वेन्सीचा आहे. १० गिगाहर्ट्झला वास्तव भाग साठीच्या आसपास आणि क्षयाचा भाग तिशीच्या आसपास असतो. थेंब हुबेहूब काढायचा हट्ट नको. ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.५ मिलिमीटर असे सलग पापुद्रे सोडव, आणि त्यातलं सर्वांत वाईट उत्तर धर. थेंबांचं खरं वागणं त्या पट्ट्याच्या आत कुठेतरी असेल.

मग ठरव की किती कपलिंग चालेल. पाणी ६ मीटर खाली धर. जाऊन-येऊन १२ मीटर, शांत पाण्याचा परतावा उणे दोन डेसिबल. हॉर्न ते हॉर्न उणे ४१ ते ४२. वारा असेल, लाट असेल तर आणखी खाली. ओल्या शीटचे उणे २९ म्हणजे तुझ्या पाण्याच्या प्रतिध्वनीपेक्षा बारा डेसिबलने मोठा आवाज, कानाशी. एफएमसीडब्ल्यूमध्ये तो शून्याजवळच्या बीट फ्रिक्वेन्सीवर (पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींमधल्या फरकावर) पडतो आणि फिल्टरने बराच कापता येतो, पण फिल्टर तो फरक काढणाऱ्या मिक्सरनंतर येतो. त्याआधीचा ॲम्प्लिफायर दबला तर काहीच वाचत नाही. आणि हा आवाज दव धरेल तसा बदलतो, म्हणून एकदा मोजून वजा करण्याची युक्तीही टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: उणे ६२ की उणे ५८, यावर आणखी एकही दिवस खर्च करू नकोस. ओल्या अवस्थेत उणे ४५-च्या खाली राहणं हे लक्ष्य ठेव.

त्यासाठी सलग शीट काढून टाक. प्रत्येक हॉर्नच्या तोंडावर वेगळा पातळ पडदा, दोन्हींमध्ये धातूची आडभिंत, आणि पडदे १५-२० अंश तिरके, एकमेकांपासून उलट्या दिशांना. परतलेली लहर मग शेजाऱ्याकडे न जाता बाहेर जाते, आणि तिरक्या पडद्यावरून थेंबही खालच्या कडेला ओघळतात. ही रचना आधी कोरडी सोडव, मग ०.२ मिलिमीटर पापुद्र्यासह, मग प्रत्यक्ष फवारणीच्या बाटलीने. मोजताना हॉर्न छताकडे नको. लॅबच्या गच्चीवर नेऊन आकाशाकडे तोंड कर. आकाशाला छत नसतं. मिरग लागायच्या आत हे उरकलंस तर पहिल्याच पावसात जोडणी उलटी टांगून, खरं दव धरल्यावर, रात्रभर दर दहा मिनिटांनी एस-२१ नोंदवता येईल. ती नोंद मला पाठव, सोबत त्या रात्रीचं तापमान आणि आर्द्रताही लिही.